मागाहून आलेलं हसू

औषधाच्या दुकानात लायनेल कॅचपोलच्या पुढे तीन माणसं होती आणि काउंटरमागची मुलगी इतकी कोवळी होती, की तिनं आपल्याला रक्तदाबाबद्दल काही विचारावं हेच त्याला जरा आगाऊपणाचं वाटत होतं. नंबर आला तसा तो पुढे झाला. मागच्या वेळी गोळ्या वेगळ्याच रंगाच्या मिळाल्या होत्या, एवढंच सांगायचं होतं. तक्रार नव्हती, नुसतं कानावर घालायचं होतं. पण तोंड उघडण्याआधी त्याचा घसा दोनदा खाकरला, उजव्या हाताची दोन बोटं वर गेली आणि टायची गाठ जागेवर आहे ना ते चाचपून खाली आली. टाय नव्हताच. बोटांना शर्टाचं वरचं बटण लागलं.

"अगंबाई, सर मॉर्टिमर!" मागून एक बाई जवळजवळ किंचाळली. पंचाहत्तरीची असावी, हातातल्या पिशवीतून कांद्याची पात डोकावत होती. "तुम्हीच ना? आमच्याकडे अजून कुणी थाप मारायला लागलं की आम्ही हेच करतो. हे बघा!" आणि तिनं भर दुकानात दोनदा घसा खाकरला, नसलेल्या टायची गाठ चाचपली आणि स्वतःवरच खूश होऊन हसली. रांगेतली दोन म्हातारी माणसंही हसली. तरुणांना काही पत्ता नव्हता, ते आपापल्या फोनमध्ये बघत राहिले. लायनेलनं मान किंचित झुकवली, एक भुवई उचलली. अशा बायकांना गेली पन्नास वर्षं जे द्यायचं ते दिलं. काउंटरवरच्या मुलीनं पुडी पुढे सरकवली आणि म्हणाली, "जेवणानंतर एक." गोळ्यांच्या रंगाचं राहूनच गेलं.

बाहेर येऊन तो बसथांब्यावर बसला. बस घ्यायची नव्हती, घर चार पावलांवर होतं. पण आत काहीतरी हललं होतं आणि ते निवेपर्यंत बसावंसं वाटलं. लंडनमधल्या केंटिश टाउनच्या रस्त्यावर नेहमीची दुपार होती. त्यानं नक्कल केली नव्हती. रंगमंचावर, कॅमेऱ्यासमोर, लग्नसमारंभांत, एकदा तर स्वतःच्या बायकोच्या दवाखान्यातल्या खाटेपाशी तिला हसवायला, अशी हजारो वेळा त्यानं ती लकब केली होती. आज पहिल्यांदाच ती केली नव्हती, झाली होती. एका पोरसवदा मुलीला आपण काही सांगायचं आणि तिनं आपल्याला खुळ्यात काढायचं, या भीतीनं हात आपसूक वर गेला होता. म्हणजे हे असं वाटायचं त्यांना, त्याच्या मनात आलं. कुणी मोठं माणूस समोर आलं की प्रत्येक वेळी त्यांना हे असं वाटायचं.

कारण लकब सर मॉर्टिमरची नव्हतीच. सर मॉर्टिमर व्हेन नावाचा मंत्री मुळात कधी जन्मालाच आला नव्हता. साठच्या दशकात शनिवारी संध्याकाळी तो तीन वर्षं टीव्हीवर यायचा, घसा खाकरायचा, टाय चाचपायचा आणि देशाला धडधडीत खोटं सांगायचा, आणि देश पोट धरधरून हसायचा. हा नक्की कुठला मंत्री यावर वर्तमानपत्रांत वाद झडले. तीन खरे मंत्री मनातल्या मनात आपलीच टिंगल समजून बसले, एकानं तर खिलाडूपणा दाखवायला व्हिस्कीची पेटी पाठवली. लायनेलनं पेटी ठेवून घेतली आणि आभाराचं पत्रही लिहिलं. खरं त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. ती लकब पूर्व किनाऱ्यावरच्या लोस्टॉफ्ट स्टेशनच्या तिकीटखिडकीमागे एकतीस वर्षं बसलेल्या अर्नेस्ट कॅचपोलची, त्याच्या बाबांची होती.

बाबा लहानखुरे, नीटनेटके. प्रवाशांशी त्यांचं बरं चालायचं, कारण मध्ये काच असायची. पण स्टेशनमास्तर, डॉक्टर, चर्चमधले धर्मगुरू, बँकेतला माणूस, असं कुणी समोर उभं राहिलं की दोनदा घसा, मग टायची गाठ, आणि मग कुठे शब्द. लायनेल अकरा वर्षांचा असताना ते त्याला मोठ्या शाळेच्या मुलाखतीला घेऊन गेले होते. हेडमास्तरांच्या खोलीत मेणाच्या पॉलिशचा वास होता आणि बाबांचे बूट जरुरीपेक्षा जास्त चमकत होते. हेडमास्तरांनी विचारलं, "मिस्टर कॅचपोल, तुम्हाला काही सांगायचंय?" बाबांनी घसा खाकरला, पुन्हा खाकरला, गाठ चाचपली आणि म्हणाले, "मुलगा हुशार आहे, सर." एवढंच. त्या एका वाक्याच्या जोरावर लायनेलचं आयुष्य लोस्टॉफ्टबाहेर पडलं. बाबा जन्मात कधी खोटं बोलले नाहीत, आणि खरं बोलण्याआधी ते जे करायचे तेच मुलानं खोटं बोलण्याची खूण करून देशभर वाटून टाकलं. हा हिशेब त्याला आज सुचला असं नव्हे. पन्नास वर्षं तो बोटात रुतलेल्या कुसळासारखा होता. कामात असलं की कळत नाही, हात धुताना कळतं.

ते झालंही किती सहज. सोहोमधल्या एका तळघरात ते चार मित्र मिळून विडंबनाचा खेळ करायचे. चौघेही विद्यापीठातून नुकतेच बाहेर पडलेले. बाकी तिघांना बरं होतं, त्यांच्या नात्यातच बिशप, जनरल, न्यायाधीश होते. काकांची नक्कल केली की सत्ताधाऱ्यांची टिंगल आयती व्हायची. लायनेलचे काका हेरिंग मासे पिंपांत भरायचे. तालमीत दिग्दर्शक वैतागून म्हणाला, "तुझ्या मंत्र्याला काहीतरी दे रे बाबा. नुसता नाकातला आवाज काय कामाचा?" आणि लायनेलची बोटं वर गेली. तालीम तिथेच थांबली, कारण कुणाला हसू आवरेना. "कुठून आणलंस हे?" दिग्दर्शकानं विचारलं. "क्लबात एक लॉर्ड भेटला होता," लायनेल म्हणाला. तो कुठल्याही क्लबात कधी गेला नव्हता. आणि ही थाप मारताना त्याला घसा खाकरावा लागला नाही.

पुढचं सगळं त्यातूनच आलं. टीव्ही आला, संसदेत त्याच्यावर प्रश्न आला, शाळाशाळांतून पोरं मास्तरांच्या पाठीमागे टाय चाचपायला लागली. मग विडंबनाची लाट ओसरली, तशी सिनेमात बटलरची कामं, दोन बिशप, चहाची जाहिरात, मुलांच्या कार्टूनमधल्या एका चिडक्या बिज्जूचा आवाज. एकदा त्यानं जिद्दीनं गंभीर नाटक केलं, समीक्षकांनी 'अनपेक्षित खोली' असं लिहिलं आणि तिसऱ्या आठवड्यात खेळ बंद पडला. म्हातारपणी राणीच्या हातून पदकही घेतलं. घरी आल्यावर रूथ, त्याची बायको, म्हणाली, "आयुष्यभर ज्यांना चिमटे काढलेस त्यांनीच तुला टाचणी लावली की रे." रूथ गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. पण रूथलाही त्यानं बाबांचं कधी सांगितलं नव्हतं.

बाबांना कळलं होतं का? सगळा प्रश्न एवढाच होता. चौसष्टच्या नाताळात तो घरी गेला होता. जेवण झाल्यावर शेजारीपाजारी जमले, पुडिंगचा वास अजून खोलीत होता, आणि कुणीतरी म्हणालंच, "लेनी, तुझा तो मंत्री होऊन जाऊ दे!" त्याला नको होतं. पण नट कितीही नको म्हणाला तरी त्याचे पाय मोकळी जागा शोधतात. तो चुलीपुढे उभा राहिला, दोनदा खाकरला, गाठ चाचपली. खोलीत हशा कोसळला. आणि त्या हसण्याच्या मधोमध बाबा शांतपणे उठले, कोळशाची बादली उचलली आणि मागच्या दारानं बाहेर गेले. बादली काठोकाठ भरलेली होती. ती त्यानं स्वतःच दुपारी भरली होती. भरलेली बादली घेऊन कोळसा आणायला गेलेला माणूस बऱ्याच वेळानं परत आला तो तशीच भरलेली बादली घेऊन, आणि "बाहेर बर्फ पडेलसं दिसतंय" असं म्हणून खुर्चीत बसला. त्यावर दोघेही कधी बोलले नाहीत. एकाहत्तरमध्ये बाबा गेले. लायनेलनं अंत्यविधीला धर्मग्रंथातला उतारा वाचला, चांगला वाचला, आणि लोक म्हणाले की आवाज काय सुंदर लागला होता.

घरी येऊन त्यानं चहा केला तेवढ्यात टॅम्सिनचा फोन आला. टॅम्सिन जुने कार्यक्रम झाडूनपुसून पुन्हा बाहेर काढणाऱ्या कंपनीत होती, वय तिशीच्या आत, आणि पहिल्या दिवसापासून त्याला नावानं हाक मारत होती. त्याला ते आवडायचं.

"लायनेल, त्या हसण्याचं काय करायचं? तुम्ही मागे म्हणालात कापा म्हणून. सोमवारी तुम्ही येताय तेव्हा कागदावर सही लागेल."

"कापा की. त्यात विचारायचं काय?"

त्या हसण्याला स्टुडिओत सगळे ओळखायचे. कार्यक्रम शुक्रवारी तीनशे प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायचा आणि शनिवारी दाखवला जायचा. कधीतरी असं व्हायचं, की विनोदावर सगळे हसायचे, हसू विरायचं, लायनेल पुढच्या वाक्यासाठी श्वास घ्यायचा, आणि नेमकं तेव्हा मागच्या रांगेतून एकच माणूस हसायचा. आधी खालच्या सुरात हो, हो, आणि मग शेवटी वर चढत गेलेली एक बारीक शीळ, पाणी उकळायच्या बेतात असताना किटली करते तशी. ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं त्याचं नाव 'मिस्टर मागाहून' ठेवलं होतं. लायनेलला त्याचा मनस्वी राग यायचा. एकदा तर न राहवून त्यानं सर मॉर्टिमरच्याच आवाजात, त्या अंधाराकडे बोट करून म्हटलं होतं, "बसून घ्या, बसून घ्या. लोकहो, पॅसेंजर गाडी आली!" प्रेक्षागृह उसळलं. वाक्य तसंच प्रक्षेपित झालं, वर्तमानपत्रांत छापूनही आलं. त्यानंतर मिस्टर मागाहून पुन्हा कधी आला नाही.

"फक्त चार भागांत आहे तो," टॅम्सिन सांगत होती. "आमचं नवं मशिन केसासारखं अलगद काढतं. पण चौथ्यात तुमचं ते गाडीचं वाक्य आहे. हसूच नसेल तर त्याला अर्थ उरत नाही, तेही काढावं लागेल. दहाएक सेकंद जातील."

"जाऊ देत," तो म्हणाला. पण त्याचं लक्ष नव्हतं. उजव्या हाताची बोटं अजून शर्टाच्या बटणापाशीच होती. फोन ठेवल्यावर त्यानं बहिणीला फोन लावला. ती कधीच पहिल्या झटक्यात उचलत नसे, म्हणून तिसऱ्यांदा लावला.

लोस्टॉफ्टला जाणारी गाडी अजूनही प्रत्येक स्टेशनला थांबते. गुरुवारी सकाळी तो खिडकीशी बसला आणि इप्सविचनंतर दलदली, बगळे, गवतात बुडालेल्या होड्या सुरू झाल्या, तसा त्याला लहानपणचा एक खेळ आठवला. बाबा त्याला पुढच्या स्टेशनांची नावं पाठ म्हणायला लावायचे, आणि चुकला तर काही न बोलता नुसती भुवई उचलायचे. ती भुवईही आपण उचललीच की, त्याला वाटलं. या माणसाकडे दोन-चारच वस्तू होत्या, त्या आपण सगळ्याच्या सगळ्या नेल्या. मेव्हिसला काय विचारायचं ते त्यानं पक्कं केलं होतं, पण त्र्याऐंशीव्या वर्षी एकोणऐंशी वर्षांच्या धाकट्या बहिणीला असं काही विचारायचं कसं, ते गाडी फलाटाला लागेपर्यंत जमलं नव्हतं.

"या, लाटसाहेब!" मेव्हिसनं दार उघडलं ते ओरडूनच. "सहा वर्षांनी सवड झाली? माझ्या नवऱ्याच्या, रॉनच्या मयतीला तोंड दाखवलंस ते आजच."

"फोन करतो की दर रविवारी."

"काय?"

"फोन! करतो!"

"हां, करतोस. आणि मला एक अक्षर ऐकू येत नाही, मी नुसती बरं बरं म्हणते. पाय पूस. चहा घेणार की नुसता भाव खाणार?"

तिचं कानाचं यंत्र खिडकीतल्या बशीत पडलेलं होतं. ते लावलं की समुद्रपक्षी डोक्यात ओरडतात अशी तिची तक्रार होती. स्वयंपाकघर लहान, ऊबदार, तव्यावर धुरात सुकवलेलं हेरिंग तडतडत होतं आणि त्या वासानं लायनेल एकदम आठ वर्षांचा झाला. त्यानं लंडनहून आणलेले कस्टर्डचे टार्ट टेबलावर ठेवले. तिनं एक उचलून खालून बघितलं, "खाली करपलाय," म्हणाली आणि खाऊन टाकला. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून, आणि मुख्य विषयाला बगल द्यायला म्हणूनही, तो औषधाच्या दुकानाची गोष्ट सांगू लागला. ती कोवळी मुलगी, ते गोळ्यांचे रंग, ती पातीवाली बाई. सांगता सांगता उभा राहिला आणि झालं ते करून दाखवलं. दोनदा घसा, मग गाठ.

मेव्हिस किटलीतून पाणी ओतत होती. तिनं बघितलं. किटली खाली ठेवली, झाकण लावलं. त्याला वाटलं, हिला आवडलं नाही. एवढ्यात तिचे खांदे हलले आणि तिच्या आतून कुठून तरी आलं, आधी खालच्या सुरात हो, हो, आणि मग वर चढत गेलेली एक बारीक शीळ.

लायनेल तसाच उभा राहिला. बोटं बटणावर.

"पुन्हा हस," तो म्हणाला.

"काय?"

त्यानं यंत्र बशीतून उचलून तिच्या हातात दिलं. तिनं कुरकुरत कानात घातलं.

"मेव्हिस, तू कधी स्टुडिओत आली होतीस? माझ्या कार्यक्रमाला?"

"मी? आणि रॉनचे मोजे कोण धुणार होतं? मी नाही बाई." तिनं त्याच्या बशीत मासा वाढला. "बाबा यायचे."

तो खुर्चीत बसला.

"तुला ठाऊक नव्हतं?" मेव्हिसचा हात मध्येच थांबला. "असं कसं? तुला ठाऊक होतं. तू बोललास की त्यांच्याशी!"

"मी कधी बोललो?"

"गाडी आली म्हणालास ना, स्टेजवरून. पॅसेंजर गाडी आली!" तिनं चमचा टेबलावर आपटला. "अरे, वर्षभर दुसरं काही बोलले नाहीत ते. हमालापासून स्टेशनमास्तरापर्यंत सगळ्यांना गाठून गाठून सांगितलं. लेनी माझ्याशी बोलला. तीनशे माणसं होती, दिवे होते, आणि लेनीनं मला अंधारात ओळखलं. नाहीतर म्हणे, रेल्वेचंच कशाला काढलं असतं त्यानं?"

बाहेर पक्षी ओरडत होते. तव्याखालचा गॅस तिनं बंद केला. ती आतल्या खोलीत गेली आणि एक जाडजूड जुनं रेल्वेचं वेळापत्रक घेऊन आली. त्यात, लोस्टॉफ्ट ते लंडनच्या पानावर, स्टुडिओची चार तिकिटं होती, फिकट निळी. प्रत्येकावर 'मि. उटिंग' असं लिहिलेलं. उटिंग हे मेव्हिसचं सासरचं नाव. "आमच्या नावावर मागवायचे, टपालानं. कॅचपोल लिहिलं असतं तर तुझ्या लोकांनी पुढच्या रांगेत बसवलं असतं, ते नको होतं त्यांना. तू स्टेजवरून बोलेपर्यंत आईलाही सांगायचं नाही, ती तुला पत्रात लिहून मोकळी झाली असती. रेल्वेचे फुकट पास मिळायचे ना वर्षाला, त्यावर जायचे. मी चीज-लोणच्याची सँडविचं बांधून द्यायची. शेवटच्या गाडीनं परत."

लायनेलनं एक तिकीट उचललं. त्याच्या कडेला एक लहानशी नीट खाच होती. चारही तिकिटांना होती. फाटकावरचा तपासनीस चिमट्यानं टोचतो तशी. खिडकीत बसणाऱ्या कारकुनाकडे तो चिमटा नसतो, म्हणजे बाबांनी परत आल्यावर तो तपासनिसाकडून मागून घेतला असणार, आणि आधी घसा खाकरला असणार. प्रवास पुरा झाला, तिकीट वापरलं, असं केल्याशिवाय त्यांना चैन पडलं नसतं.

"पण हसू मागाहून का यायचं?" त्यानं विचारलं. आवाज जरा कापला, मेव्हिसनं ऐकू आलं नाही असं दाखवलं.

"लढाईत बॉम्ब पडला तेव्हापासून डावा कान गेलाच होता." तिनं चहा ढवळला. "नाहीतर मग, हसायला परवानगी आहे ना ते बघत असतील. तुला ठाऊकच आहेत बाबा. सगळे हसले, कुणी रागावलं नाही, आता आपणही हसायला हरकत नाही. घरात कधी मोठ्यानं हसलेले आठवतात तुला?"

त्याला आठवेना. खरंच एकदाही आठवेना. आवाजावर जगलेला माणूस, ज्याच्या ज्याच्या तोंडून आवाज निघाला त्याचा त्याचा आवाज त्यानं उचलला, आणि आपल्या बापाचं हसणं त्यानं आयुष्यात ऐकलंच नव्हतं. ऐकलं तेव्हा चिडला होता.

"मग पुन्हा का नाही आले?"

"म्हणाले, त्याला कळलंय आता. कळलं की त्याचं लक्ष माझ्याकडे राहणार. काम बिघडेल पोराचं."

"आणि ती लकब, मेव्हिस? मी त्यांची ती..."

"कळत नव्हतं की काय आम्हाला? सगळं लोस्टॉफ्ट ओळखायचं. खिडकीवर लोक चिडवायचे, काय कॅचपोल, पोराची नक्कल करता काय म्हणून." ती हसली नाही. "सोडलीच त्यांनी. तुझा मंत्री सुरू झाला त्याच महिन्यात. लेनीचं आहे ते आता, म्हणाले, आपण वापरलं तर बरं दिसत नाही. हात खिशात घालून उभं राहायला शिकले. साठाव्या वर्षी. स्टेशनमास्तरांसमोर खिशात हात! वाईट दिसायचं रे ते. बिचारे अवघडून जायचे."

लायनेलच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं पुसलं नाही. मेव्हिसनं त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि त्याच्या माशातले काटे काढायला घेतले, लहानपणी आई काढायची तसे.

"आणि मग त्या नाताळात कोळसा आणायला का गेले?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं. "मी करून दाखवलं आणि ते भरलेली बादली घेऊन बाहेर गेले."

"कुठला कोळसा?" मेव्हिस म्हणाली. तिला काही आठवत नव्हतं. "बाहेर हसायला गेले असतील. की रडायला. मला काय ठाऊक? खा, गार होतंय."

सोमवारी तो टाय लावून सोहोला गेला. ते तळघर जिथे होतं तिथे आता नूडल्सचं दुकान होतं, आणि त्याच्या दोन घरं पुढे टॅम्सिनच्या कंपनीची बिनखिडकीची खोली. टेबलावर कागद तयार होता, त्यावर पेनही ठेवलेलं होतं.

"सहीआधी चौथा भाग दाखव," तो म्हणाला. "न कापलेला."

पडद्यावर तीस वर्षांचा, दाट केसांचा, भलताच आत्मविश्वास असलेला एक मुलगा आला. दोनदा घसा, गाठ, आणि मंत्र्याचं खोटं. तीनशे माणसं हसली. हसू विरलं. लायनेलचं बोट वर गेलं, टॅम्सिनसाठी नव्हे, आपसूकच. आणि मागच्या अंधारातून आलं, हो, हो, आणि ती शीळ. मुलगा अंधाराकडे वळला. बसून घ्या, बसून घ्या. लोकहो, पॅसेंजर गाडी आली! प्रेक्षागृह उसळलं, टाळ्या झाल्या, आणि मुलानं घाईघाईनं पुढचं वाक्य घेतलं.

"थांबव. जरा मागे घे," लायनेल म्हणाला. "माझ्या त्या पुढच्या वाक्याच्या खाली काहीतरी आहे."

टॅम्सिननं कान देऊन ऐकलं. "हो की. कुणीतरी आहे. तुमचा आवाज त्याच्यावर चढलाय."

"तुझं मशिन माणूस काढतं ना? मग मला काढ. तेवढं एक वाक्य. त्याला राहू दे."

"तुम्हाला काढू?"

त्यानं सांगायला तोंड उघडलं. घसा खाकरला, पुन्हा खाकरला, बोटांनी टायची गाठ चाचपली. ती आज जागेवर होती. "ते माझे वडील आहेत," तो म्हणाला.

टॅम्सिननं कागद उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवला आणि मशिनकडे वळली. बराच वेळ ती बटणं फिरवत राहिली. मग पडद्यावर त्या मुलाचे ओठ हलले आणि आवाज आला नाही. टाळ्या विरल्या, अगदी तळापर्यंत विरल्या. आणि मग त्या रिकाम्या शांततेत एक माणूस एकटाच, मोठ्यानं, कुणाची परवानगी न घेता हसत राहिला. शीळ चढली, तुटली, पुन्हा चढली. त्याला त्याच्या मुलानं अंधारात ओळखलं होतं.

हसणं संपलं. खोलीत मशिनचा बारीक गुंजारव तेवढा उरला. टॅम्सिननं वळून बघितलं. आणि मग, थोडं मागाहून, लायनेल हसला.